इंग्रजीत हेतू सांगताना: कुठे ‘टू’, कुठे ‘फॉर’, कुठे ‘सो दॅट’

मराठीत हेतू सांगायच्या तीन वाटा आपण दिवसभर वापरतो. ‘भाजी आणायला गेले’, ‘भाजी आणण्यासाठी गेले’ आणि ‘भाजी ताजी मिळावी म्हणून लवकर गेले’. कुठली कुठे वापरायची याचा विचार करावा लागत नाही. इंग्रजी बोलायची वेळ आली की यांतली मधली वाट घात करते. ‘साठी म्हणजे फॉर’ हे शाळेपासून पाठ असतं, क्रियापदाला ‘इंग’ लावायची सवय असते, आणि दोन्ही जोडून वाक्य तयार होतं:

आय वेंट टू द मार्केट फॉर बायिंग व्हेजिटेबल्स.

समोरच्याला अर्थ कळतो, त्यामुळे ही चूक सहसा कुणी दुरुस्त करत नाही आणि ती थेट नोकरीच्या अर्जापर्यंत सोबत येते.

रचना निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: मुख्य वाक्यातलं काम करणारा आणि हेतूतलं काम करणारा एकच आहे, की दोघं वेगळे आहेत? निम्मं काम इथेच होतं. वाक्य होकारी की नकारी, बोलण्यातलं की कागदावरचं, हे त्यानंतर.

एक सूचना. खाली ‘टू’ म्हणजे टी-ओ असं स्पेलिंग असलेला शब्द. ‘फार, जास्त’ या अर्थाचा डबल ओवाला ‘टू’ जिथे आला आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कर्ता एकच असेल तर साधा ‘टू’

जो गेला तोच भेटणार, जिने फोन केला तीच विचारणार, अशी स्थिती असेल तर ‘टू’ आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप.

आय वेंट टू द मार्केट टू बाय व्हेजिटेबल्स.
शी कॉल्ड टू आस्क फॉर अवर ॲड्रेस.
वी आर सेव्हिंग मनी टू बाय अ फ्लॅट.

मूळ रूप म्हणजे मूळच. आधीचं ‘वेंट’ भूतकाळी आहे म्हणून पुढे ‘टू बॉट’ होत नाही आणि कर्ता ‘शी’ आहे म्हणून ‘टू आस्क्स’ होत नाही. काळ दाखवायचं काम पहिल्या क्रियापदाने केलेलं असतं. ‘फॉर टू बाय’ असा दोन्हींचा मिलाफही ऐकू येतो. मध्ययुगीन इंग्रजीत तो चालायचा आणि आयर्लंडमधल्या काही बोलींत अजून सापडतो, पण आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चूकच.

हा ‘टू’ वाक्याच्या सुरुवातीलाही आणता येतो. मग हेतूचा तुकडा संपला की स्वल्पविराम द्यायचा.

टू गेट अ विंडो सीट, यू मस्ट कॅच द बस ॲट द डेपो.

इथे कर्त्याकडे नीट लक्ष हवं. हेच वाक्य ‘टू गेट अ विंडो सीट, द बस मस्ट बी कॉट ॲट द डेपो’ असं लिहिलं, तर व्याकरणाच्या हिशेबाने खिडकीची जागा बसला हवी आहे. सूचनाफलकांवर आणि फॉर्मवर अशी कर्मणी वाक्यं भरपूर असतात आणि तिथे ती खपूनही जातात. निबंधात किंवा परीक्षेत मात्र स्वल्पविरामानंतर लगेच तोच माणूस आणावा ज्याचा हेतू आहे.

‘एकच कर्ता’ या नियमाला एक मोठी सवलत आहे. देणं, पाठवणं, नेमणं अशा क्रियापदांनंतर ज्याला दिलं किंवा पाठवलं तो पुढच्या कामाचा कर्ता होतो, आणि तरीही साधा ‘टू’च लागतो.

आय गेव्ह हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज टू बाय अ टेक्स्टबुक.
वी हायर्ड अ लॉयर टू चेक द पेपर्स.

पैसे मी दिले, पुस्तक तो घेणार. वकील आम्ही नेमला, कागद वकील तपासणार. इथे कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण मराठीतही ‘त्याला पुस्तक घ्यायला पैसे दिले’ असंच म्हणतो. गोंधळ होतो तो ‘मी त्याला यायला बोलावलं’ या वाक्यात. त्याचं ‘आय कॉल्ड हिम टू कम’ केलं जातं, पण ‘कॉल’ ऐकून समोरच्याला आधी फोनच आठवतो. ‘आय आस्क्ड हिम टू कम’ म्हणावं.

‘फॉर’ची स्वतःची जागा

एकदा ‘फॉर’ चुकतो म्हटलं की काही जण तो वापरायचंच सोडतात. त्याची गरज नाही. ‘फॉर’नंतर नाम आलं तर वाक्य बहुधा ठीक असतं, क्रियापद आलं तर थांबून बघायचं.

आय वेंट टू द मार्केट फॉर व्हेजिटेबल्स.
ही हॅज गॉन टू नाशिक फॉर ॲन इंटरव्ह्यू.
आय वेंट टू द केमिस्ट टू गेट मेडिसिन फॉर माय मदर.

शेवटचं वाक्य मराठीत ‘आईसाठी औषध आणण्यासाठी केमिस्टकडे गेलो’ असं होतं. दोन ‘साठी’ आहेत. माणसाला लागलेला ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’, क्रियापदाला लागलेला ‘साठी’ म्हणजे ‘टू’. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी निम्म्याहून जास्त वाक्यं सुधारतात.

‘गो’बरोबर वेगळी कटकट आहे. ‘गो फॉर अ वॉक’, ‘गो फॉर अ स्विम’, ‘गो फॉर अ ड्राइव्ह’ बरोबर, कारण तिथे मधला ‘अ’ सांगतो की पुढे नाम आहे. ‘गो शॉपिंग’, ‘गो स्विमिंग’, ‘गो ट्रेकिंग’ यांत ‘फॉर’ नाही आणि ‘टू’ही नाही. ‘वी वेंट फॉर शॉपिंग’ हे आपल्याकडे इतकं रुळलं आहे की कानाला खटकतच नाही. आपापसांत बोलताना कुणी अडवणार नाही, पण आयेल्ट्ससारख्या परीक्षेत लिहिताना ‘वी वेंट शॉपिंग’च लिहावं. तसंच ‘वी वेंट फॉर अ मूव्ही’पेक्षा ‘वी वेंट टू सी अ मूव्ही’ बरं.

आता ‘फॉर’नंतर इंग-रूप बरोबर कधी? वस्तूचा उपयोग सांगताना.

धिस नाइफ इज फॉर कटिंग फिश.
व्हॉट इज धिस बटन फॉर? इट्स फॉर रीसेटिंग द मीटर.

सुरी कशाची, बटण कशाचं, हे इथे सांगितलं आहे; त्या क्षणी कुणी काय करायला निघालं आहे, हे नाही. कुणी ती सुरी उचलली की हेतू माणसाचा झाला आणि ‘टू’ परत आला: ‘आय टुक द नाइफ टू कट द फिश.’ ‘यूज्ड’ हा शब्द असेल तर दोन्ही चालतात, ‘इट इज यूज्ड फॉर कटिंग फिश’ आणि ‘इट इज यूज्ड टू कट फिश’. उच्चाराकडे मात्र लक्ष द्या. ‘वापरलं जातं’ या अर्थाच्या ‘यूज्ड’मध्ये झ ऐकू येतो, आणि ‘पूर्वी असं करायचो’ या अर्थाच्या ‘यूज्ड टू’चा उच्चार ‘यूस्ट टू’ असा होतो.

‘फॉर’ आणि इंग-रूप यांचं दुसरं हक्काचं काम म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचं कारण सांगणं: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘ही वॉज फाइन्ड फॉर रायडिंग विदाउट अ हेल्मेट’. हेल्मेट न घालता गाडी चालवून झाली, मग दंड झाला. म्हणूनच हेतूसाठी ही जोडी वापरली की कधीकधी अर्थ पार उलटतो. काकांना भेटता यावं म्हणून मला घरी पाठवलं, हे सांगायला कुणी ‘आय वॉज सेंट होम फॉर मीटिंग माय अंकल’ म्हणालं, तर इंग्रजी कानाला ऐकू येतं की काकांना भेटल्याबद्दल मला घरी हाकललं.

कर्ता बदलला की ‘सो दॅट’

‘मुलांना समजावं म्हणून बाई हळू बोलल्या.’ बोलल्या बाई, समजायचं मुलांना. इथे साधा ‘टू’ लावला तर होतं ‘द टीचर स्पोक स्लोली टू अंडरस्टँड द चिल्ड्रन’. व्याकरणात काही चूक नाही, पण वाक्य म्हणतंय की मुलांना समजून घेता यावं म्हणून बाई हळू बोलल्या. संगणकातला व्याकरण-तपासनीसही अशा वाक्याखाली रेघ ओढेलच याचा भरवसा नाही. हवं ते असं:

द टीचर स्पोक स्लोली सो दॅट द चिल्ड्रन कुड अंडरस्टँड.

‘सो दॅट’नंतर पूर्ण वाक्य येतं, म्हणजे कर्ता आणि क्रियापद दोन्ही, आणि बहुधा त्याआधी कॅन, विल, कुड, वुड यांपैकी एक. निवड मुख्य क्रियापदाच्या काळावर. मुख्य वाक्य वर्तमानात किंवा भविष्यात असेल तर ‘कॅन’ किंवा ‘विल’, भूतकाळात असेल तर ‘कुड’ किंवा ‘वुड’.

आय ॲम गिव्हिंग यू माय नंबर सो दॅट यू कॅन कॉल मी.
आय गेव्ह हर माय नंबर सो दॅट शी कुड कॉल मी.

मराठीत ‘तिला फोन करता यावा म्हणून’ हे दोन्हीकडे तसंच राहतं, म्हणून दुसऱ्या वाक्यात ‘कॅन’ निसटून येतो. ती अजूनही फोन करू शकते असं म्हणायचं असेल तर बोलताना तो चालतो. परीक्षेत ‘कुड’ लिहा, वाद नको. पुढच्या काळातल्या गोष्टीसाठी साधा वर्तमानकाळही येतो: ‘पोस्ट इट टुडे सो दॅट शी गेट्स इट बाय मंडे.’ जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘सो दॅट’नंतर ‘मे’ आणि ‘माइट’ची उदाहरणं असतात. ती बरोबरच आहेत, पण आज रोजच्या बोलण्यात ती जुनाट लागतात.

बोलताना ‘दॅट’ गाळतात आणि नुसता ‘सो’ उरतो. लिहिताना ही सवय महागात पडते, कारण नुसता ‘सो’ परिणामही सांगतो.

आय लेफ्ट अर्ली, सो आय गॉट अ सीट.
आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय कुड गेट अ सीट.

पहिल्यात जागा मिळाली. दुसऱ्यात मिळावी अशी इच्छा होती. मिळाली की नाही हे वाक्य सांगत नाही. पहिल्यात स्वल्पविराम आहे आणि दुसऱ्यात नाही, तोही हाच फरक दाखवायला.

दहावी-बारावीच्या मुलांना इथे तिसरा घोळ भेटतो. डबल ओवाला ‘टू’ काढून वाक्य बदला, हा प्रश्न सोडवताना ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्या मध्ये विशेषण येतं: ‘द बस वॉज सो क्राउडेड दॅट आय कुड नॉट गेट इन.’ हा परिणाम आहे, हेतू नाही. बसने काही मला चढू न देण्यासाठी गर्दी केली नव्हती. उपवाक्य ओळखायचं असेल तर खूण सोपी आहे. ‘सो’ आणि ‘दॅट’च्या मध्ये शब्द बसला असेल तर परिणाम. दोन्ही चिकटून असतील आणि पुढे ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’ असेल तर बहुतेक वेळा हेतू.

कर्ता बदलला तरी वाक्य छोटं ठेवायचं असेल तर ‘फॉर अमुक टू तमुक’ ही रचना फार कामाची आहे, आणि आपल्याकडे ती फारशी शिकवली जात नाही.

आय लेफ्ट द गेट ओपन फॉर द प्लंबर टू कम इन.
शी मूव्ह्ड हर बॅग फॉर मी टू सिट डाउन.

‘फॉर’नंतर ‘मी, हिम, हर, देम’ ही रूपं येतात. ‘फॉर ही टू सिट’ नाही. मधलं नाम एक-दोन शब्दांचं असेल तर ही रचना छान बसते. ‘फॉर द न्यू प्लंबर फ्रॉम द नेक्स्ट बिल्डिंग टू’ असं लांबायला लागलं की सरळ ‘सो दॅट’कडे वळावं.

‘चुकू नये म्हणून’

नकारी हेतू हा सगळ्यात जास्त चुका होणारा भाग. ‘गाडी चुकू नये म्हणून लवकर निघालो’ याचं सहज सुचणारं रूप ‘आय लेफ्ट अर्ली नॉट टू मिस द ट्रेन’. ‘टू’ला ‘नॉट’ लावला की नकारी हेतू झाला, असं वाटतं, पण इंग्रजीत एकटा ‘नॉट टू’ हे ओझं पेलत नाही. त्याच्या आधी आधार लागतो:

आय लेफ्ट अर्ली सो ॲज नॉट टू मिस द ट्रेन.
आय लेफ्ट अर्ली इन ऑर्डर नॉट टू मिस द ट्रेन.
आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय वुडंट मिस द ट्रेन.

तिसरं वाक्य बोलण्यातलं, पहिली दोन लिहिण्यातली. ‘नॉट’ची जागा ‘टू’च्या आधी. ‘सो ॲज टू नॉट मिस’ असंही हल्ली ऐकू येतं. आपण ते टाळलेलं बरं.

‘नॉट टू’ एकटा चालतो तो दोन हेतूंची तुलना असेल तर: ‘आय केम नॉट टू कम्प्लेन बट टू हेल्प.’ ‘बी केअरफुल नॉट टू स्लिप’ आणि ‘ट्राय नॉट टू लाफ’ हीसुद्धा बरोबर वाक्यं आहेत, पण त्यांत हेतू नाही. तिथे ‘नॉट टू’ हा ‘केअरफुल’ आणि ‘ट्राय’ या शब्दांचा भाग आहे.

नकार क्रियापदातच घालायचा असेल तर ‘अव्हॉइड’ आणि ‘प्रिव्हेंट’ आहेत. दोघांच्या मागण्या वेगळ्या. ‘अव्हॉइड’नंतर थेट इंग-रूप: ‘टू अव्हॉइड मिसिंग द ट्रेन’. ‘टू अव्हॉइड टू मिस’ कधीच नाही. ‘प्रिव्हेंट’नंतर ज्याला अडवायचं तो, मग ‘फ्रॉम’, मग इंग-रूप: ‘वी पुट अप अ नेट टू प्रिव्हेंट पिजन्स फ्रॉम एंटरिंग द बाल्कनी.’ खरं तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं असेल तर ‘टू कीप पिजन्स आउट’ एवढं पुरे. हेतू नकारी आहे म्हणून शब्द नकारीच हवा असं काही नाही.

‘लेस्ट’ हा परीक्षेचा लाडका शब्द. त्याच्या पोटातच ‘नये’ आहे, म्हणून पुढे ‘नॉट’ लावायचा नाही. ‘शी वॉक्ड स्लोली लेस्ट शी शुड नॉट फॉल’ याचा अर्थ ती पडावी म्हणून हळू चालली असा होईल. बरोबर रूपं दोन: ‘लेस्ट शी शुड फॉल’ आणि ‘लेस्ट शी फॉल’. दुसऱ्यात ‘फॉल्स’ नाही, कारण इथे मूळ रूप लागतं. बोलताना हा शब्द वापरू नये, नाटकी वाटतं. भीती सांगायची असेल तर ‘फॉर फिअर ऑफ’ अधिक वापरात आहे: ‘ही केप्ट क्वाएट फॉर फिअर ऑफ मेकिंग मिस्टेक्स.’

म्हणूनच्या आधीचं क्रियापद बघा

मराठीतला ‘म्हणून’ तीन वेगवेगळी कामं करतो आणि इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो.

पाऊस पडत होता म्हणून छत्री घेतली: इट वॉज रेनिंग, सो आय टुक ॲन अंब्रेला.
भिजू नये म्हणून छत्री घेतली: आय टुक ॲन अंब्रेला सो ॲज नॉट टू गेट वेट.
पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री घेतली: आय टुक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्ड.

कुठला ‘म्हणून’ आहे हे ओळखायची किल्ली आपल्याच व्याकरणात आहे. ‘म्हणून’च्या आधी ‘होता, झालं, आहे’ असं घडलेलं किंवा असलेलं क्रियापद असेल तर ते कारण. इंग्रजीत ‘सो’ किंवा ‘बिकॉज’. आधी ‘मिळावी, समजावं, यावेत’ असं विध्यर्थी रूप किंवा ‘चुकू नये’ असेल तर तो हेतू. इंग्रजीत ‘टू’ किंवा ‘सो दॅट’. आणि ‘तर असावं’ असा सूर असेल तर ती खबरदारी. इंग्रजीत ‘इन केस’.

‘इन केस’नंतर ‘विल’ लागत नाही: ‘टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स.’ शिवाय तो ‘इफ’चा जुळा भाऊ नाही. ‘आय विल टेक ॲन अंब्रेला इफ इट रेन्स’ म्हणजे पाऊस पडला तरच घेईन. ‘इन केस इट रेन्स’ म्हणजे आत्ताच घेतोय, पाऊस पडो न पडो. लिफ्टशेजारच्या पाटीवर ‘इन केस ऑफ फायर’ लिहिलेलं असतं, तिथे मात्र ‘आग लागल्यास’ असाच अर्थ आहे. ‘ऑफ’ लागला आणि पुढे नाम आलं की शब्दाचं काम बदलतं.

‘इन ऑर्डर टू’ आणि कागदी भाषा

‘इन ऑर्डर टू’ वापरलं की इंग्रजी भारदस्त होतं असा समज आहे. दहापैकी आठ वाक्यांत ते काढून नुसता ‘टू’ ठेवला तर वाक्य सुधारतं. उरलेल्या दोन ठिकाणी ते खरंच लागतं. हे वाक्य बघा:

द कमिटी मेड अ डिसिजन टू सेव्ह मनी.

पैसे वाचवायचा निर्णय घेतला, की पैसे वाचावेत म्हणून कुठला तरी निर्णय घेतला? ‘टू’ आधीच्या नामाला चिकटतो आणि पहिलाच अर्थ पुढे येतो. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘इन ऑर्डर टू सेव्ह मनी’. ‘प्लॅन’, ‘डिसिजन’, ‘परमिशन’, ‘अटेम्प्ट’ अशा नामांनंतर ही काळजी घ्यावी. दुसरी जागा म्हणजे ‘बी’, ‘हॅव’, ‘नो’ यांसारखी, कृतीऐवजी स्थिती सांगणारी क्रियापदं: ‘शी मूव्ह्ड टू पुणे सो ॲज टू बी निअर हर पेरेंट्स.’ नुसता ‘टू बी’ चूक नाही, पण ‘सो ॲज टू’ किंवा ‘इन ऑर्डर टू’ तिथे जास्त सहज बसतं.

‘इन ऑर्डर दॅट’ जवळजवळ फक्त कायद्याच्या आणि सरकारी कागदांत उरला आहे. त्याऐवजी ‘सो दॅट’.

‘विथ अ व्ह्यू टू’ परिपत्रकांत फार दिसतो आणि दर वेळी तीच चूक घेऊन येतो. यातला ‘टू’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे, म्हणून पुढे इंग-रूप: ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग वॉटर सप्लाय’. ‘विथ द एम ऑफ’, ‘विथ द इंटेन्शन ऑफ’ यांनाही इंग-रूपच. ‘इन व्ह्यू ऑफ’ दिसायला जवळचा, पण तो कारण सांगतो: ‘इन व्ह्यू ऑफ द हेवी रेन, स्कूल्स विल रिमेन क्लोज्ड.’ या दोघांची अदलाबदल झाली तर पाऊस पडावा म्हणून शाळा बंद ठेवल्या असा आदेश निघेल.

‘पर्पज’ हा शब्द स्वतः वाक्यात असेल तर पुढे ‘इज टू’: ‘द पर्पज ऑफ धिस मीटिंग इज टू डिस्कस द बजेट.’ ‘इज फॉर डिस्कसिंग’ नको, आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ही नको.

वाक्याच्या टोकाला राहणारा छोटा शब्द

‘लिहायला पेन दे’, ‘बसायला खुर्ची आण’. मराठीत ‘पेनने लिहायला’ म्हणावं लागत नाही, त्यामुळे इंग्रजीतला शेवटचा शब्द गळतो. ‘अ पेन टू राइट विथ’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ रूम टू लिव्ह इन’, ‘समवन टू टॉक टू’. शब्द लागतो की नाही हे तपासायला वाक्य सुलटं करून बघा. ‘आय सिट ऑन अ चेअर’ असं म्हणतो, म्हणून ‘ऑन’ लागतो. ‘आय रीड अ बुक’मध्ये मध्ये काही नाही, म्हणून ‘अ बुक टू रीड’ पुरे.

हेतूसारखं दिसणारं, पण हेतू नसलेलं

‘गो अँड सी हिम’ असं बोलताना सर्रास म्हणतात आणि ते चांगलं इंग्रजी आहे. भूतकाळात मात्र सांभाळा. ‘आय वेंट टू सी हिम’ म्हणजे भेटायला गेलो. भेट झाली असेल किंवा नसेल. ‘आय वेंट अँड सॉ हिम’ म्हणजे भेटून आलो. त्यामुळे ‘आय वेंट टू सी हिम, बट ही वॉज नॉट ॲट होम’ जमतं, आणि ‘वेंट अँड सॉ’ला तेच शेपूट लावलं तर जमत नाही. ‘ट्राय अँड फिनिश इट’ही चालतं, पण ‘ट्राय’ मूळ रूपात असेल तरच. ‘ट्राइड अँड फिनिश्ड’ म्हटलं की ‘प्रयत्न कर’ हा अर्थच उरत नाही.

‘ही रॅन टू द स्टेशन ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.’ तो गाडी गेल्याचं कळावं म्हणून धावला नव्हता. ‘ओन्ली टू’ म्हणजे ‘आणि बघतो तर काय’. ‘शी ग्रू अप टू बी अ डॉक्टर’मध्येही हेतू नाही, मोठी होऊन ती डॉक्टर झाली, एवढंच.

एक अर्ज तपासून बघू

आय ॲम रायटिंग धिस लेटर फॉर रिक्वेस्टिंग यू फॉर ग्रँटिंग मी थ्री डेज लीव्ह फॉर अटेंडिंग माय सिस्टर्स मॅरेज सो दॅट आय हॅव टू गो टू सातारा.

पहिला ‘फॉर रिक्वेस्टिंग’: लिहिणारा मी, विनंती करणारा मी, कर्ता एकच. म्हणून ‘टू रिक्वेस्ट’. ‘धिस लेटर’ काढून टाका. पत्र हातात आहे, ते पत्र आहे हे सांगावं लागत नाही.

दुसरा ‘फॉर ग्रँटिंग’: हा हेतू नाहीच, विनंती कशाची आहे ते सांगतोय. ‘रिक्वेस्ट’नंतर हवी ती वस्तू थेट येते: ‘रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह’. यात ‘थ्री डेज’च्या शेवटी, एसनंतर, ॲपॉस्ट्रॉफी द्यायला विसरू नका.

तिसरा ‘फॉर अटेंडिंग’: रजा घेणारा आणि लग्नाला जाणारा एकच, म्हणून ‘टू अटेंड’. समारंभाला ‘वेडिंग’ म्हणतात; ‘मॅरेज’ म्हणजे पुढचा संसार, त्याला तीन दिवस पुरायचे नाहीत.

शेवटचा ‘सो दॅट’: साताऱ्याला जावं लागणं हे रजेचं कारण आहे, हेतू नाही. इथे ‘बिकॉज’ लागला असता, पण त्याचीही गरज नाही, ‘इन सातारा’ पुरतं.

आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह टू अटेंड माय सिस्टर्स वेडिंग इन सातारा.

यापुढे एक वाक्य जोडलं तर साहेबांचाही प्रश्न सुटतो, आणि तिथे ‘सो दॅट’ हक्काने येतो, कारण काम संपवलं मी आणि थांबावं लागणार नाही इतरांना: ‘आय हॅव फिनिश्ड द मंथली रिपोर्ट सो दॅट नोबडी हॅज टू वेट फॉर इट.’

स्वतःचं लिखाण तपासताना फाइलमध्ये ‘फॉर’ हा शब्द शोधायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी पुढचा शब्द बघा. त्याच्या शेवटी ‘इंग’ असेल तर दोन प्रश्न विचारा. इथे वस्तूचा उपयोग सांगितला आहे का? आभार, माफी किंवा दंड अशा घडून गेलेल्या गोष्टीचं कारण आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर ‘फॉर’ आणि ‘इंग’ खोडून ‘टू’ आणि मूळ क्रियापद लिहा. मग हाच शोध ‘सो दॅट’साठी लावा आणि त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा कर्ता ताडून बघा. दोन्हीकडे ‘आय’च असेल आणि वाक्य होकारी असेल तर बहुतेक ठिकाणी नुसत्या ‘टू’ने काम भागतं.